नक्षी कोरी, रबर म्हातारं

मित्राच्या पोरानं पुण्याहून सेकंडहँड स्पोर्ट्स कार आणली. दोन सीटची, लाल, कर्ज काढून घेतलेली. अर्ध्या गावानं तिच्यासोबत सेल्फी काढले. मला म्हणाला, "काका, ऑटोक्रॉसला नाव दिलंय. सायलेन्सर बदलतोय, मागे स्पॉयलर लावतोय. बातमी करा की."

म्हटलं, करतो. आधी टायर दाखव.

नक्षी एकदम कोरी होती. पण टायरच्या बाजूवरचा चार आकडी नंबर वाचला, तर ३२१५. म्हणजे २०१५ सालचा बत्तिसावा आठवडा. आधीच्या मालकानं गाडी वर्षानुवर्षं कव्हरखाली ठेवली होती. टायर झिजले नाहीत, पण रबर वाळून कडक झालेलं आणि बाजूला बारीक चिरा. असा टायर ऐन वळणावर दगा देतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ऑटोक्रॉस म्हणजे मोकळ्या मैदानात कोन मांडून वाट आखायची, एका वेळी एकच गाडी सोडायची आणि घड्याळाशी शर्यत लावायची. कोन पाडला की वेळेत सेकंद वाढतात. नवख्याची गाडी बराच वेळ दुसऱ्या गिअरमध्येच असते. खरी परीक्षा वळणाची आणि ब्रेकची. तिथे इंजिनाची ताकद कितीही असो, जमिनीला टेकतो तो प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग.

सायलेन्सरचे पैसे टायरला गेले. बाकीची तयारी जवळपास फुकटात झाली. स्टेपनी, जॅक, पाण्याच्या बाटल्या, पायाखालचं मॅट, सगळं बाहेर. बाटली घरंगळत ब्रेकखाली अडकली तर काय होईल, विचार करा. डॅशबोर्डवरचा गणपतीसुद्धा नमस्कार करून घरी ठेवला. ब्रेक ऑइल बदललं, पॅड बघितले, बॅटरी घट्ट आवळली, चाकांचे नट टॉर्क रेंचनं तपासले.

हवा दाराजवळच्या स्टिकरवरच्या आकड्यापेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरली, म्हणजे वळणावर टायरची बाजू दुमडत नाही. टायरच्या कडेला खडूची रेघ मारली. फेरी झाल्यावर खडू पार बाजूच्या भिंतीपर्यंत पुसला गेला असेल तर हवा कमी आहे. नक्षीच्या कडेवरही शाबूत असेल तर जास्त आहे. टायर तापला की दाब वाढतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर मोजून वहीत लिहायचं. घरी परतताना हवा पुन्हा स्टिकरप्रमाणे.

आता मुद्द्याचं. हीच पोरं रात्री अकरानंतर बायपासवर काय करतात, ते आपल्याला माहीत आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेनं दोन तरुण जीव घेतले, तेव्हा आपण सगळे चिडलो. चिडणं बरोबरच होतं. पण चिडून पोरांची वेगाची हौस जात नाही. तिला मैदान लागतं, हेल्मेट लागतं, नियम लागतात. देशात एफएमएससीआय ही संघटना मोटरस्पोर्टचं काम बघते, तिच्या परवानगीनं क्लब अशा स्पर्धा घेतात. आपल्याकडे महिन्यातून एक रविवार एखादं डांबरी मैदान रीतसर देता येणार नाही का? सोबत अॅम्ब्युलन्स, आग विझवायची सोय आणि जाणती माणसं हवीत. पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला मैदान मिळतं, मग याला का नाही?

काही जण म्हणतील, हे श्रीमंतांचे चोचले. मान्य, गाडी महाग आहे. पण साध्या हॅचबॅकनंही भाग घेता येतो. आणि ओला रस्ता, अचानक ब्रेक, निसटणारी गाडी हे सगळं आपल्या रोजच्या रस्त्यावरही आहेच.

पोरानं पहिल्याच फेरीत तीन कोन पाडले. खाली उतरला तेव्हा हात थरथरत होते. म्हणाला, "काका, बायपासवर मी याच्या दुप्पट वेगानं जायचो."

मी काही बोललो नाही.

आज घरी गेलात की मोबाइलची बॅटरी लावा आणि आपल्या गाडीच्या टायरवरचे ते चार आकडे वाचा. पोरांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनचेही वाचा.