श्रेयनामावलीतली एक ओळ
‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या रोल-प्लेइंग खेळाच्या पाचव्या आवृत्तीचं ‘प्लेयर्स हँडबुक’ २०१४ साली आलं, तेव्हा श्रेयनामावलीत सल्लागार म्हणून जेफ ग्रब, केनेथ हाइट, रॉबिन लॉज अशी या क्षेत्रातली बडी नावं होती. जाणत्यांना विचारलं, हे उत्तमच झालं. पण तिथेच पावणेदोन लाख खेळाडूंचेही आभार मानलेत, आणि मला ती ओळ जास्त मोलाची वाटते. २०१२पासून या मंडळींनी कच्चे नियम घरच्या टेबलावर खेळून पाहिले. त्यातलाच एक नियम असा: वीस बाजूंचे दोन फासे टाकायचे. परिस्थिती अनुकूल असेल तर मोठा आकडा धरायचा, प्रतिकूल असेल तर लहान. बेरीज-वजाबाकीची कटकट नाही, नवख्यालाही चटकन कळतं. नामवंतांचा सल्ला जरूर घ्या, पण छापण्याआधी नियम खेळणाऱ्यांच्या हाती द्या.