कच्ची भाजणी

दिवाळीच्या अंकात पाळकांचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडोत बापडे! आमच्या ख्रिस्ती आळीतही या दिवसांत शेजारपाजारहून फराळाची ताटे येतात, आणि हा लेख मला अशाच एका ताटावरून सुचला. शेजारच्या काकूंची चकली यंदा नरम पडली. काकूंनी तेलाला दोष दिला, विस्तवाला दिला, अखेर हवेलाही दिला. आमच्या घरच्या मंडळींनी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि काकू गेल्यावर हळूच निकाल दिला, "भाजणी कच्ची राहिली."

त्याच संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. गुणी मुलगा. सेमिनरीत शिकला, मोठ्या थाटाने त्याचा निरोपसमारंभ झाला, आणि एका लांबच्या खेड्यात त्याला मंडळी सांभाळायला धाडण्यात आले. आठ महिन्यांत तो परत आला. चार महिने पगार नाही, मंडळीत दोन तट, प्रत्येक तट म्हणणार की पाळक दुसऱ्याचा. घरात बायको बाळंतीण. तो खुर्चीच्या कडेवर बसून राहिला आणि शेवटी म्हणाला, "सर, मी या कामाचा नाहीच का?"

आमच्या पंचांचे उत्तर तयार आहे. "त्याच्यात दम नाही. आमच्या वेळचे पाळक चणे खाऊन राहिले. संकटानेच माणूस घडतो." हे बोलणाऱ्यांपैकी एकही जण चणे खाऊन राहिलेला नाही, हे मला ठाऊक आहे, पण ते असो. मी धर्मशास्त्री नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, फळ्यावर खडू झिजवणारा आणि उरल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस आहे. तरीही सांगतो, संकटाने माणूस घडतो हे अर्धेच खरे आहे, आणि अर्ध्या सत्याने आपण पोरांचे पुरते नुकसान करतो.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत नेहमी पुढे करतात. आईबाप दुष्काळात गेले, बहीण गेली, भावाबरोबर पायी देश तुडवला. १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेला. वयाची पंचविशी गाठण्यापूर्वी एवढे सोसले, म्हणून केडगावचे मुक्तिसदन उभे राहिले, असे व्यासपीठावरून सांगतात. अहो, दुष्काळ काय एकट्या रमाबाईंवर आला होता? त्याच सालांत त्याच रस्त्यांवर किती माणसे मेली, किती चोर झाली, किती भीक मागत राहिली! दुष्काळात माणूस घडवण्याची शक्ती असती तर सारा देश महात्म्यांनी भरून गेला असता. रमाबाईंच्या गाठीशी आधीच काही होते. रानातल्या घरात आईने त्यांना लहानपणीच संस्कृत शिकवले होते. रोज पाठ, रोज उजळणी, न कंटाळता. जी बाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसते, सगळ्या बायबलाचे मराठी करते, आणि १९२१ साली एकुलती एक मुलगी गेल्यावरही ते काम खाली ठेवीत नाही, तिची भाजणी कुठे झाली? दुष्काळात नव्हे, आईपुढे पाठ म्हणताना. संकट हे तेल. भाजणी त्याच्या आधी व्हावी लागते.

आपण काय करतो? दोनतीन वर्षे पोराला वसतिगृहात ठेवतो, प्रवचनाचे मुद्दे घोकवून घेतो आणि एकदम कढईत सोडतो. भांडणाऱ्या दोन तटांच्या मध्ये कसे बसावे, पगार थकला तर वाण्याशी काय बोलावे, स्वतःची चूक मंडळीपुढे कशी कबूल करावी, हे शिकवायला एखाद्या जुन्या पाळकाच्या हाताखाली त्याला दोन वर्षे ठेवावे, असे कुणाला वाटत नाही. खर्च होतो ना!

आणि या सोसण्याच्या स्तुतीत एक लबाडीही आहे. सोसतो कोण? विल्यम केरी हे नाव मराठी माणसाने आदराने घ्यावे असे आहे. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले, १८१० साली कोश काढला. १७९३ साली तो बंगालात उतरला; पहिल्या माणसाला बाप्तिस्मा द्यायला १८०० साल संपत आले. १८१२ च्या मार्चमध्ये श्रीरामपूरचा छापखाना जळाला, वर्षांची हस्तलिखिते राख झाली, आणि हा माणूस पुन्हा पहिल्या पानापासून बसला. धन्य त्याची! पण त्याच घरात त्याची बायको डॉरोथी होती. ती यायला तयार नव्हती, मिनतवाऱ्या करून तिला आणले. १७९४ साली तिचा लहानगा पीटर गेला. तिचे मन बिघडले ते १८०७ साली मरेपर्यंत सुधारले नाही. केरीच्या चिकाटीवर प्रवचने होतात. डॉरोथीवर मी एकही ऐकलेले नाही.

आपल्याकडे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा कित्येक वर्षे लक्ष्मीबाई नवऱ्यापासून दूर राहिल्या. टिळक कवी मोठे, मनाने उदार, पण किती तापट, संसाराच्या हिशेबात किती भोळे, हे 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला सांगायला नको. त्यांच्या सेवेतला धीर कुणाचा, असे मला विचाराल तर मी लक्ष्मीबाईंकडे बोट दाखवीन. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने सोवळे सोडले ते कुणी सांगितले म्हणून नव्हे, स्वतः विचार करकरून. आणि टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागे पुरे केले. आमचे पंच पाळक निवडताना नवऱ्याची परीक्षा घेतात. बायकोला फक्त एवढेच विचारतात की पेटी वाजवता येते का!

आता त्या मुलाच्या परत येण्याविषयी. पळून आलेला पुन्हा कामाचा नाही, असे म्हणणाऱ्यांनी आपले शास्त्र तरी नीट वाचावे. मार्क म्हणविलेला योहान पौल आणि बर्णबा यांच्याबरोबर निघाला आणि पंफुल्याहून घरी परतला. का, ते लिहिलेले नाही. घाबरला असेल, आजारी पडला असेल, घरची आठवण आली असेल. पुढल्या प्रवासाला त्याला नेण्यास पौलाने साफ नकार दिला. त्यावरून दोघा मित्रांत असा खटका उडाला की ते वेगळे झाले. बर्णबा त्या पोराला घेऊन कुप्रास गेला. (दोघे नात्याचे होते हे खरे; पण नातलगही पडत्या काळात ओळख विसरतात.) पुढे म्हातारपणी, तुरुंगात बसलेला तोच पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो उपयोगी आहे. दुसरे शुभवर्तमान परंपरेने याच पळपुट्याच्या नावावर आहे. पौलाचा धीर कुणी नाकारीत नाही, परंतु त्या दिवशी पौल चुकला होता आणि बर्णबा बरोबर होता, असे मला वाटते. आमच्या पंचायतीत मात्र सगळेच पौल. बर्णबा एकही नाही.

नाताळाआधी पंचांची बैठक आहे. त्या मुलाचे नाव कमी करावे असा ठराव तयार आहे, तो कागद मी पाहिला आहे. मी काही पंच नाही, मला बोलण्याचा अधिकार नाही. पण बैठक आमच्याच शाळेच्या खोलीत भरते आणि किल्ली माझ्याकडे असते. पलीकडच्या गावच्या वृद्ध पाळकांना मी पत्र टाकले आहे. दोन वर्षे पोराला हाताखाली ठेवतो, बायकोमूल घेऊन ये, असे त्यांनी कळवले आहे. घरात एक खोली रिकामी आहे म्हणतात. पगाराचे मात्र पंचांनी बघावे.