आकाशगंगा फेकून मारणारा रोबोट

मागच्या महिन्यात मंडळाच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला विचारलं, "अरे, चांगली नोकरी आहे, तिशी उलटली, आणि अजून कार्टून बघतोस?" प्रश्न प्रेमाचा होता, पण चहाची रांग पुढे सरकली आणि उत्तर राहून गेलं. ते इथे देतो.

मालिकेचं नाव 'तेंगेन तोप्पा गुरेन लागान'. गायनॅक्स स्टुडिओची, एकूण २७ भागांची. २००७ साली एप्रिल ते सप्टेंबर ती टीव्ही टोकियोवर दर रविवारी सकाळी लागायची. म्हणजे आमच्या इंदुरात लोक पोहे-जलेबीच्या रांगेत उभे असतात त्या सुमारास.

राक्षसी रोबोट हे जपानी माणसांचं जुनं वेड. १९५६ मध्ये 'तेत्सुजिन २८' ही चित्रकथा आली, त्यात एक मुलगा रिमोटने रोबोट चालवतो. १९७२ च्या 'माझिंगर झेड'मध्ये नायक थेट रोबोटच्या डोक्यात जाऊन बसला. १९७९ मध्ये 'गंडम' आलं आणि रोबोट हे रणगाड्यासारखं युद्धातलं यंत्र झालं. ज्यांचं बालपण ऐंशीच्या दशकात दूरदर्शनसमोर गेलं त्यांना मनगटावरच्या घड्याळातून हुकूम सोडणारा मुलगा आणि त्याचा 'जायंट रोबोट' आठवेल. तो कार्टून नव्हता, पोशाखातला माणूस होता, पण घराणं तेच. मग १९९५ मध्ये याच गायनॅक्सने 'इव्हँगेलियन' काढलं. त्यातल्या मुलाला रोबोटमध्ये बसायचंच नसतं. त्यानंतर या प्रकाराला एक गंभीर, उदास वळण लागलं.

'गुरेन लागान' त्या उदासीला ढकलून देतं. माणसं जमिनीखाली बिळांत राहतात, वर पशुमानवांचं राज्य आहे. सिमोन नावाचा लाजाळू पोरगा बोगदे खणतो. खणताना त्याला एक लहानसा रोबोट सापडतो, नुसतं डोकंच म्हणा ना, त्याचं नाव लागान. त्याचा मानलेला भाऊ कामिना शत्रूचा रोबोट पळवतो, त्याला गुरेन म्हणतो आणि जाहीर करतो की आता दोघांनी जोडलं जायचं! का? तर भारी दिसतं म्हणून. मग लागान आपल्या बुडाचा ड्रिल गुरेनच्या टाळक्यात खुपसतो आणि जोडणी पूर्ण. माझ्यातल्या इंजिनिअरने तिथेच हात जोडले.

पुढे हा रोबोट वाढतच जातो. जहाजाएवढा, चंद्राएवढा, आणि शेवटी एवढा की आकाशगंगा चकतीसारख्या उचलून शत्रूवर फेकतो. ह्या मापाला आपल्याकडे विश्वरूपदर्शनच म्हणतील. प्रत्येक हल्ल्याचं नाव ओरडून सांगायचं, हात कमरेवर ठेवून उभं राहायचं, आधी आपली ओळख गर्जून द्यायची. दिग्दर्शक हिरोयुकी इमाइशी, पण संवादांतला हा झणका लेखक काझुकी नाकाशिमा यांचा. ते मुळात रंगभूमीचे नाटककार. टाळीची जागा कुठे आहे ते अशा माणसाला शिकवावं लागत नाही.

मात्र नुसता आरडाओरडा असता तर मी तीन भागांत बंद केलं असतं. आठव्या भागात कामिना मरतो. (काहींना हे आधी सांगितलेलं आवडणार नाही. पण हे सांगितल्याशिवाय मालिकेबद्दल बोलताच येत नाही.) सत्तावीस भागांतल्या आठव्यातच मालिकेचा सगळा आवाज जातो. त्याआधी कामिना एक गोष्ट सांगतो: बोगदा कोसळून सगळे अडकले होते, तो स्वतः घाबरला होता, आणि सिमोन मात्र मुकाट्याने खणत राहिला होता. धाकट्याला वाटतं धैर्य दादाकडून येतं, आणि दादा ते धाकट्याकडून घेत असतो.

सिमोन त्याला जपानीत 'आनिकी' म्हणतो, म्हणजे दादाच. २०२१ च्या मे महिन्यात माझा मामेभाऊ गेला. ही मालिका कॉलेजात असताना त्यानेच मला पेनड्राइव्हवर दिली होती, आणि मला ती तेव्हा धमाल वाटली होती, इतकंच. त्या वर्षी पुन्हा लावली आणि आठव्या भागाशी बरेच दिवस अडकलो. पुढच्या भागांत सिमोन ड्रिलने दगडांतून कामिनाचे पुतळे कोरत बसतो, कोणाशी धड बोलत नाही. कार्टूनमध्ये दुःखाला इतका वेळ दिलेला मी फारसा पाहिलेला नाही. दादाचे जुने व्हॉइस मेसेज ऐकत मी तेच करत होतो. अकराव्या भागात सिमोन दादाचं जाणं मान्य करतो आणि पहिल्यांदा स्वतःच्या नावाने गर्जतो. तेव्हा ती ओरडाआरडी मला अतिशयोक्ती वाटली नाही.

शेवटी तर सिमोनजवळ इतकी शक्ती येते की मेलेल्यांना परत आणता यावं. त्याची बायको निया लग्नमंडपातच विरून जाते. कोणीतरी विचारतं, आण ना तिला परत. तो नाही म्हणतो. गेलेल्यांनी नव्यांची वाट अडवू नये, एवढंच त्याचं म्हणणं. मग ड्रिल पुढच्या पिढीच्या हाती देऊन निघून जातो आणि अनेक वर्षांनी आपल्याला दिसतो तो एक अनोळखी म्हातारा.

एक गोष्ट मला पटत नाही. शत्रूचं म्हणणं असतं की ही शक्ती बेसुमार वाढली तर विश्वच कोसळेल. भीती खोटी नाही. त्यावर नायकांचं उत्तर म्हणजे, आम्ही बघून घेऊ! सर्व्हरवर लोड वाढल्यावर आमचे मॅनेजर असंच म्हणतात. त्यापेक्षा रोशिऊ हे पात्र मोलाचं. त्याच्या अदाई गावात फक्त पन्नास माणसं राहू शकतात, एक्कावन्नावं आलं की चिठ्ठ्या टाकून कोणाला तरी बाहेर काढायचं. असा हिशेबात वाढलेला मुलगा पुढे राज्यकारभार बघतो आणि लोकांना शांत करण्यासाठी सिमोनलाच फाशीची शिक्षा होऊ देतो. तो खलनायक नाही. त्याचा राग येतो, आणि त्याच्या जागी आपण काय केलं असतं हेही सांगता येत नाही.

बघायची असेल तर जपानी आवाजात, सबटायटल लावून बघा. लहान मुलांना घेऊन बसू नका. योको या नायिकेचे कपडे आणि सहाव्या भागातला स्नानगृहाचा प्रकार आजी-आजोबांसमोर अवघड होईल. चौथ्या भागातली चित्रं एकदम वेगळ्या हाताची आहेत, तेव्हा जपानमध्येही त्यावर ओरड झाली होती. तिथे सोडू नका. पाचव्यात अदाई गाव येतं.