काम थांबलं की बॅटरी बाहेर

पाऊस तोंडावर आला की छाटणीची कामं निघतात. कौलांवर टेकलेली आंब्याची फांदी, गोठ्यावर झुकलेला शेवगा, वाटेवर आलेली जांभळाची डहाळी. पूर्वी याला कोयती आणि कुऱ्हाड होती. काम मोठं असलं तर पेट्रोलची चेनसॉ असलेल्या माणसाला बोलवावं लागे. आता चार, सहा किंवा आठ इंची पट्टीची, बॅटरीवर चालणारी छोटी करवत अनेक घरांत आली आहे. ती हलकी आहे, धूर करत नाही, सुरू करायला दोरी ओढावी लागत नाही. वय झालेल्या माणसांचे आणि घरच्या बायकांचे कष्ट तिने वाचवले आहेत. ती घेऊ नका, असं मुळीच म्हणायचं नाही. पण तिच्या हलकेपणाला भुलू नका, ही कळकळीची विनंती आहे.

पेट्रोलची चेनसॉ सुरू असली की आवाजानेच माणूस सावध होतो. बॅटरीची करवत खाली ठेवली की अगदी गप्प असते, आणि बोट पडताक्षणी पुऱ्या वेगाने फिरते. त्यामुळे फांदी कापतानाच नव्हे, तर अडकलेला भुसा काढताना, चेन ताणताना, एका झाडाकडून दुसऱ्याकडे जातानाही धोका असतो. म्हणून पहिला नियम हा: काम थांबलं की बॅटरी बाहेर. चहाला बसलात, बॅटरी काढा. चेनमध्ये साल अडकली, आधी बॅटरी काढा, मग हात लावा. घरात ठेवताना करवत एकीकडे आणि बॅटरी मुलांचा हात पोचणार नाही अशा जागी. खटक्याजवळ अंगठ्याने दाबायचं सुरक्षेचं बटण असतं. सारखं दाबावं लागतं म्हणून काही जण त्यावर चिकटपट्टी लावतात. तसं कधीही करू नका.

दुसरी गोष्ट उलट्या झटक्याची. पट्टीच्या टोकाचा वरचा पाव भाग नीट पाहून ठेवा. फिरती चेन त्या जागी मागच्या फांदीला, भिंतीला किंवा लाकडातल्या खिळ्याला टेकली, तर करवत क्षणात वर उसळून कापणाऱ्याच्या तोंडाकडे येते. आपण हात मागे घ्यायच्या आत हे घडून जातं. म्हणून टोकाने कापू नका. मुठीजवळचा, पट्टीच्या खालच्या बाजूचा भाग वापरा. खालच्या बाजूने कापताना चेन करवतीला लाकडाकडे ओढते, वरच्या बाजूने कापताना तुमच्या अंगावर ढकलते. मोठ्या करवतीला असा झटका बसताच चेन थांबवणारा ब्रेक असतो. स्वस्त, छोट्या करवतींपैकी अनेकींना तो नसतो. विकत घेताना दुकानदाराला हे आवर्जून विचारा.

दोन मुठी असतील तर दोन्ही हातांनी धरा, अंगठा मुठीखालून वळवून घट्ट. एकाच मुठीची करवत असेल, तर दुसऱ्या हाताने फांदी धरायचा मोह टाळा. एका हाताने डहाळी धरून दुसऱ्याने कापायची कोयतीची सवय इथे बोटं घेते. दुसरा हात चेनपासून लांबच हवा. खांद्याच्या वर करवत नेऊ नका. शिडीवर उभं राहून किंवा झाडावर चढून ती चालवू नका. शेवग्याची फांदी तर पायाखाली कधी मोडेल सांगता येत नाही. उंचावरचं काम जाणत्या माणसाला द्या. विजेच्या तारेजवळची फांदी असेल, तर महावितरणला कळवा.

जड फांदी एकाच दमात वरून कापली की ती अर्ध्यातच फाटते, बुंध्याची साल सोलत खाली येते आणि पट्टी चिमटते. आधी बुंध्यापासून वीतभर लांब, खालच्या बाजूने तिसरा हिस्सा कापा. मग थोडं पुढे सरकून वरून कापा. वजन उतरलं की उरलेला खुंट बुंध्याजवळून साफ करा. खाली कोणी उभं नाही ना, आणि आपल्याला मागे सरायला वाट मोकळी आहे ना, हे आधी पाहा. जुन्या झाडात कपडे वाळत घालायची तार किंवा कुंपणाचा खिळा सालीने गिळलेला असतो. तोही शोधा.

3 जून 2020 च्या निसर्ग वादळानंतर आणि 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्तेनंतर कोकणातल्या वाड्यांमध्ये आडव्या झाडांचा खच पडला होता. अशी झाडं आणि दबून वाकलेल्या फांद्या आतून ताणलेल्या असतात. कापताच जोरात उसळतात. हे काम छोट्या करवतीचं नव्हे आणि नवख्या माणसाचंही नव्हे.

लुंगी, सुटा पदर, गळ्यातलं उपरणं आणि पायातली चप्पल, हे सगळं आधी बदला. बंद बूट, अंगाबरोबरचे कपडे, डोळ्यांना गॉगल, हाताला घट्ट बसणारे चामड्याचे मोजे घाला. जाड जीन्स फिरती चेन अडवत नाही, म्हणून करवत मांडीच्या रेषेत धरू नका. चेनला तेल द्या. छोट्या करवतीला ते बहुतेक हातानेच द्यावं लागतं. लाकडाचे कपटे न पडता पिठासारखा भुसा पडू लागला, तर दात बोथट झाले आहेत. अशा वेळी जोर लावू नका, धार लावून घ्या. पावसात काम नको. बॅटरी उन्हात ठेवू नका, गरम असताना चार्ज करू नका, आणि फुगली असेल तर पुन्हा वापरू नका.

एकट्याने काम करू नका. जखम झालीच तर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, दाब सोडू नका आणि 108 ला फोन करा. हळद, चहापूड भरण्यात वेळ घालवू नका.

शेजारी करवत मागायला आला, तर नुसती करवत हातात देऊ नका. गॉगल द्या, टोकाचा तो पाव भाग बोटाने दाखवा, आणि बॅटरी कशी काढायची ते त्याच्याकडून एकदा करून घ्या. तो चप्पल घालूनच कामाला निघाला असेल, तर करवत देऊ नका. त्याला राग आला तरी चालेल.