नोटरी केलं म्हणजे झालं?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली भाड्याने घ्यायची म्हटलं, की गल्ली कोणतीही असो, अटी त्याच ऐकू येतात. करार अकराच महिन्यांचा. स्टॅम्पपेपरवर लिहायचा, नोटरीचा शिक्का मारून घ्यायचा, मग काळजी नाही. का, असं विचारलं तर उत्तर तयार असतं: वर्षाचा केला तर नोंदवावा लागतो, आणि बारा वर्षं राहिला तर भाडेकरूच मालक होतो. घरमालक हे सांगतात, एजंट सांगतात, शिवाजी विद्यापीठात शिकायला आलेल्या मुलांचे पालकही मान डोलावतात. महाराष्ट्रात हे खरं नाही. आणि ज्याच्या भल्यासाठी म्हणून हे सांगितलं जातं, त्या घरमालकालाच याचा सर्वांत मोठा फटका बसतो.

आधी या समजुतीची बाजू नीट मांडली पाहिजे. अकराचा आकडा हवेतून आलेला नाही. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं आहे. म्हणून मुदत एक महिन्याने कमी ठेवायची, ही रीत देशभर पडली आणि अनेक ठिकाणी ती चालूनही जाते. घरमालकांची भीतीही खोटी नव्हे. जुन्या मुंबई भाडे कायद्यात १९७३ साली दुरुस्ती झाली आणि १ फेब्रुवारी १९७३ रोजी लीव्ह अँड लायसन्सवर, म्हणजे भाडेकरूचा हक्क न घेता नुसत्या परवानगीवर, राहत असलेल्यांना भाडेकरूंचं संरक्षण मिळालं. तात्पुरती म्हणून दिलेली जागा कायमची अडकली. त्याची धास्ती घराघरांत उरली, हे मला समजतं.

पण तो जुना भाडे कायदा आता नाही. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे आणि त्याचं कलम ५५ निःसंदिग्ध आहे. भाड्याचा असो की लीव्ह अँड लायसन्सचा, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. अकरा महिन्यांना तिथे सूट नाही. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शिक्षेपेक्षाही याच कलमातली दुसरी तरतूद घरमालकांनी दोनदा वाचावी. नोंदवलेला लेखी करार नसेल, तर जागा कोणत्या अटींवर दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं आहे हे सिद्ध करण्याचा भार मालकावर पडतो. मालक म्हणतो डिपॉझिट ३०,००० होतं, राहणारा म्हणतो एक लाख दिलं. मालक म्हणतो लायसन्सवर ठेवलं होतं, राहणारा म्हणतो मी भाडेकरू आहे. नोटरीच्या शिक्क्याने हा भार हलका होत नाही. नोटरी सही करणाऱ्याची ओळख पटवून दस्त साक्षांकित करतो. दुय्यम निबंधकाकडची नोंदणी हे वेगळं काम आहे. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिली, तीही करार नोंदवल्यासारखी नाही.

उलट, करार नीट केला तर हाच कायदा मालकामागे भक्कम उभा राहतो. राहण्यासाठी दिलेल्या जागेचं लायसन्स संपल्यावर ती सोडली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तिथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतर अडवलेल्या काळासाठी दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. वर्षानुवर्षांच्या दाव्याच्या धास्तीवर कायद्याने दिलेलं उत्तर हेच आहे.

राहिली बारा वर्षं. तो आकडा १९६३ च्या मुदत कायद्यातला. मूळ मालकाचा हक्क नाकारून, उघडपणे, अखंड बारा वर्षं ताबा ठेवला तरच त्या कायद्याचा प्रश्न येतो. दरमहा भाडं देणारा माणूस मालकाच्या परवानगीने राहतो. बारा काय, पन्नास वर्षं राहिला तरी नुसत्या राहण्याने तो मालक होत नाही. या खोट्या भीतीपायी दर अकरा महिन्यांनी बिऱ्हाड हलवायला लावलेली कुटुंबं पाहिली की वाईट वाटतं. मुलांच्या शाळा त्यात तुटतात.

नोंदणी महाग आणि कटकटीची, हा शेवटचा आक्षेप. हिशेब करू. भाडं महिना ८,००० आणि परत मिळणारं डिपॉझिट ३०,००० धरा. तीन वर्षांचं भाडं २,८८,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून त्यात ९,००० मिळवायचे. या २,९७,००० वर पाव टक्का मुद्रांक शुल्क म्हणजे सुमारे ७४३ रुपये. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. आता हे काम ऑनलाइन होतं, आधार आणि अंगठ्याच्या ठशावर, घरबसल्या. दर अकरा महिन्यांनी नवा स्टॅम्प आणि नोटरी करणारा याहून फार काही वाचवत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं. त्यासाठी सहा जिल्ह्यांनी कित्येक वर्षं लढा दिला. न्याय दारापर्यंत आणायला इतकं झगडणाऱ्या शहरात, कोर्टाची पायरीच चढावी लागू नये म्हणून असलेली नोंदणी मात्र दीड-दोन हजारांसाठी टाळली जाते, हे मला पटत नाही.

घरमालकांनी पुढचा करार नोंदवूनच करावा, आणि दोघांची इच्छा असेल तर तो सरळ दोन-तीन वर्षांचा करावा. मुलांच्या पालकांनी डिपॉझिट रोख न देता बँकेतून पाठवावं, तो आकडा करारात जसाच्या तसा आहे ना ते वाचावं, आणि नोंदणी झाल्याचा उतारा असलेल्या इंडेक्स टूची प्रत मिळाल्याशिवाय सामान आत नेऊ नये.