‘कार्ड गेले’ ही पळवाट

आपल्या लोकांना निदानापेक्षा निकाल अधिक प्रिय आहे. ताप कशाचा हे कळण्याआधी इंजेक्शन हवे, आणि यंत्र का अडले हे पाहण्याआधी नवे यंत्र हवे. या वृत्तीचा नमुना पाहायचा असेल, तर दिवाळीच्या साफसफाईत ज्यांनी घरचा संगणक उघडला, त्यांच्याकडे जावे.

आमच्या दोडामार्गाकडे पावसाळा सरतो तेव्हा घरातली एकही वस्तू ओलीपासून सुटलेली नसते. संगणकाच्या पेटीत धुळीचा थर ओलीने घट्ट बसतो. घरातला एखादा हौशी मुलगा पेटी खोलतो, धूळ पुसतो, सगळे भाग पुन्हा जागच्या जागी बसवतो. संगणक सुरू होतो, पडदा उजळतो. पण इंटरनेट काही लागत नाही. मग जाणकार म्हणून बोलावलेले शेजारी उंबऱ्यावरूनच सांगतात, “नेटवर्क कार्ड गेला. नवीन घाल.” माझे भांडण या निकालाशी आहे.

अहो, काल संध्याकाळपर्यंत जे कार्ड चालत होते, ते पुसल्याने मेले असेल, की पुन्हा बसवताना काही राहिले असेल? साधी व्यवहारबुद्धी दुसऱ्या शक्यतेकडे बोट दाखवते. शेवटी ज्याला हात लागला, तिथे आधी पाहावे. हरवलेली किल्ली आपण अशीच शोधतो.

प्रथम तार जिथे खोचतो तिथला बारीक दिवा पाहावा. तो लागत नसेल तर तार बदलून पाहावी, राउटरचे दुसरे भोक वापरून पाहावे. तारेच्या टोकाची प्लॅस्टिकची जीभ तुटली असेल तर ती आत बसल्यासारखी दिसते, पण बसलेली नसते. तार निर्दोष ठरली, तर संगणक बंद करून विजेची वायर भिंतीतून काढावी, पेटीच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी, मग कार्ड उपसावे. त्याच्या सोनेरी दातांवरची ओल आणि मळ कोरड्या मऊ फडक्याने टिपावा आणि ते सरळ, समान दाबाने खाचेत बसवावे. पुष्कळदा मागचा स्क्रू आवळताना कार्डाचे दुसरे टोक केसभर वर उचलले जाते. तेवढ्या केसभराने सगळा घोटाळा होतो!

कार्ड पूर्वीच्या खाचेऐवजी शेजारच्या खाचेत गेले असेल, तर संगणक त्याला नवा पाहुणा समजू शकतो. जुन्या नावावर हाताने भरलेला पत्ता मग नव्या नावाला लागू होत नाही. संगणकाने स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतला असेल, तर राउटरने त्याला पत्ता दिलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. काहीजण १२७.०.०.१ या पत्त्याला हाक मारतात आणि उत्तर आले की कार्डाला निर्दोष ठरवतात. तेही चूक. ती हाक संगणकाच्या पोटातच फिरून परत येते. कार्डापर्यंत ती जातच नाही.

आणखी एक गंमत. साफसफाईत ती नाण्याएवढी बॅटरी काढली गेली, किंवा ती आधीच संपत आलेली असली, तर संगणकाची तारीख कित्येक वर्षे मागे जाते. सुरक्षित संकेतस्थळांच्या ओळखपत्राची मुदत ब्राउझर संगणकाच्या तारखेवरून ताडून पाहतो. तारीख चुकली की ती उघडत नाहीत. दोष घड्याळाचा, आणि फाशी कार्डाला!

अर्थात कार्डे मरत नाहीत असे मी म्हणत नाही. आमच्याकडची वळवाची वीज तारेवाटे आत शिरून त्यांचा जीव घेते. पण ते ठरवायचे शेवटी. दुसरी तार, दुसरी खाच आणि दुसरा संगणक यांची साक्ष काढून. आणि एका वेळी एकच बदल करावा. चार बदल एकदम केले, तर काम होईल. पण कशाने झाले हे कधी कळणार नाही.

कोणी म्हणेल, “काही शेकड्यांच्या वस्तूसाठी एवढा खटाटोप कशाला?” तार तुटलेली असताना नवे कार्ड घातले, तर ते शेकडेही गेले आणि इंटरनेटही नाही. शिवाय २०२० च्या टाळेबंदीत गोव्याची सीमा बंद झाली, तेव्हा डिचोली-म्हापशाची बाजारपेठ आम्हाला परदेशासारखी झाली होती. मुलांची शाळा तर त्याच तारेवर चाललेली. ज्या घरात पेटी उघडणारा कोणी होता, त्या घराची आशा शाबूत होती. दुसरे कोणी विजेची भीती घालतात. ज्या डब्यातून संगणकाला वीज मिळते, तो डबा मुळीच उघडू नये, कारण वायर काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. कार्डाच्या खाचेत मात्र बारा व्होल्टांपेक्षा अधिक दाबच नसतो.

१९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ साली तिने अनेक लहान प्रोसेसर एकमेकांना जोडून ‘परम ८०००’ घडवला. त्याचा अभिमान आपण भाषणांतून मिरवतो. पण ज्यांना संगणक घडवता येतो, त्यांच्याच प्रांतातल्या मुलाला घरचा संगणक खोलू द्यायचा नाही, हा कुठला न्याय? दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने २०२२ साली समिती नेमली, पोर्टल काढले. चांगले झाले. परंतु ज्याला दोष शोधता येत नाही, त्याला दुरुस्तीचा हक्क देऊन काय उपयोग? पोहता न येणाऱ्याला विहीर बक्षीस देण्यासारखेच ते!

आमच्या शाळांतून मुले मदरबोर्डाचे चित्र काढून त्याला नावे देतात आणि पैकीच्या पैकी गुण मिळवतात. मदरबोर्डाला हात मात्र कोणी लावलेला नसतो. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक शाळेने एक जुना संगणक मुलांच्या स्वाधीन करावा. त्यांनी तो शिक्षकांच्या देखत खोलावा, जोडावा, बिघडला तर का बिघडला ते वहीत क्रमाने लिहावे. आणि ‘कार्ड गेले’ असे उत्तर जो लिहील, त्याला पुढचा प्रश्न विचारावा: “कशावरून?”