श्रावणबाळाचे नाव आणि राजाचे काम

शासकीय योजनांची नावे हा आपल्या साहित्यविचाराचा विषय सहसा होत नाही. तो व्हायला हवा. 65 वर्षांवरील निर्धन वृद्धांना महाराष्ट्र शासन दरमहा जी रक्कम देते, त्या योजनेचे पूर्ण नाव 'श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना' असे आहे. या नावात दोन परस्परविरोधी कल्पना शेजारी बसवल्या आहेत. निवृत्तीवेतन म्हणजे आयुष्यभर केलेल्या कामाचे देणे. श्रावणबाळाची सेवा म्हणजे पुत्राची भक्ती. देण्याचा हिशेब मागता येतो, भक्तीबद्दल मात्र फक्त धन्यता मानायची असते. वऱ्हाडातल्या तहसील कार्यालयांपुढे उभ्या असलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या वाट्याला यातली दुसरीच कल्पना आली आहे.

श्रावणाची कथा आपण सोयीपुरतीच लक्षात ठेवतो. कावड आठवते, पण श्रावण मरतो तो राजाच्या बाणाने, आणि पाण्याची वाट पाहणारे आंधळे आईबाप पुत्रशोकाने प्राण सोडतात, हा तिचा शेवट मागे पडतो. 2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी केंद्राने विशेष पॅकेज दिले, त्यांत अमरावती आणि अकोला होते. या भागात कर्ता मुलगा आधी जाणे आणि आईबाप मागे उरणे ही पुराणातली गोष्ट राहिलेली नाही. आत्महत्येचे प्रकरण चौकशीत 'पात्र' ठरले तर कुटुंबाला 1 लाख रुपयांचे साहाय्य मिळते. पण मागे राहिलेले आईबाप त्यानंतर दहा-पंधरा वर्षे जगतात, त्यांचे काय? त्यांच्यासाठी असते ती हीच, श्रावणाच्या नावाची योजना.

या योजनेची रक्कम 2023 साली 1000 वरून 1500 रुपये झाली. वाढ स्वागतार्हच होती. परंतु कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची 21 हजारांची मर्यादा तेव्हा तशीच राहिली. तिचा अर्थ पाहावा. 2024-25 मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 297 रुपये होती. तेव्हा एखाद्या कुटुंबाला कायद्याने हमी दिलेले शंभर दिवसांचे काम खरोखरच मिळाले, तर त्याची मिळकत 29,700 रुपये होत होती. म्हणजे शासनाने आपले एक वचन पाळले की त्याच घरातली म्हातारी दुसऱ्या वचनाला अपात्र ठरते. अशा नियमातून खोटे दाखले जन्माला येतात, आणि खोटा दाखला मिळवण्याची ऐपत नसलेला माणूस बाहेर राहतो.

याहून बोलकी तुलना 2024 च्या 'लाडकी बहीण' योजनेशी करता येते. तिथेही 1500 रुपयेच, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आणि वयाची 65 पर्यंत. एकच बाई पासष्टी ओलांडताच बहिणीची आई होते आणि अडीच लाखांची मर्यादा एकदम 21 हजारांवर येते. वय वाढले, हातातले काम सुटले, औषधे वाढली; आणि नेमक्या त्याच वेळी दार अरुंद झाले. शासन भाऊ होते, मुलगा होते. देणेकरी मात्र होत नाही. नात्याच्या भाषेत लाड असतात, रुसवे असतात, उपकारही असतात. थकबाकी हा शब्द तिथे नसतो.

म्हणूनच लाभार्थ्याला दरवर्षी आपण जिवंत असल्याचा पुरावा द्यावा लागतो. कापूस वेचून आणि निंदण करून बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. यंत्र अंगठा ओळखत नाही. जे हात राबल्याची खूण दाखवतात, तेच ओळख पटवायला कमी पडतात.

आपल्या साहित्याने वार्धक्याचे दुःख पाहिले ते बहुधा घराच्या चौकटीत. 'नटसम्राट' (1970) मधले अप्पासाहेब बेलवलकर सर्वस्व मुलांना वाटून बेघर होतात. पण त्यांच्यापाशी वाटण्यासारखे काही होते. वऱ्हाडच्या बोलीत उभ्या राहिलेल्या उद्धव शेळके यांच्या 'धग' (1960) मधल्या कौतिकजवळ कष्टाखेरीज काही नाही. पहिली शोकांतिका मुलांच्या कृतघ्नतेची म्हणून शिकवता येते. दुसरीत दोष द्यायला मुले पुरत नाहीत. तिथे समाजाच्या रचनेकडेच बोट करावे लागते. वर्गात आपण पहिल्या प्रश्नावर जितके रमतो, तितके दुसऱ्यावर रेंगाळत नाही.

यात आपला, म्हणजे शिकवणाऱ्यांचा, हितसंबंधही आहे. 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमणूक झालेल्या शिक्षकांनी आणि कर्मचाऱ्यांनी मार्च 2023 मध्ये 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संप केला. मागणी न्याय्यच होती. निवृत्तीवेतन ही मालकाची बक्षिसी नसून पूर्वीच्या सेवेचे देणे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नकारा खटल्यात सांगितले आहे. पण हे तत्त्व फक्त सरकारी सेवेपुरते कसे राहील? एसटीत वा गिरणीत राबून, निधीत वर्गणी भरून निवृत्त झालेल्या कामगारांना 1995 च्या कर्मचारी निवृत्तीवेतन योजनेत 2014 साली किमान 1000 रुपये ठरले. त्यानंतरची दहा वर्षे तो आकडा हलला नाही. त्याला महागाई भत्ताही नाही. या निवृत्तांनी 24 डिसेंबर 2018 पासून शेजारच्या बुलढाण्यात साखळी उपोषण मांडले. शेतमजूर तर या हिशेबातही नाही. त्याने वर्गणी भरली नाही, एवढेच. देशाला कापूस त्यानेही पुरवला.

तिजोरीवरच्या भाराचा आक्षेप खोटा नाही. तरी अडीच लाखांची मर्यादा 64 व्या वर्षी परवडते आणि 66 व्या वर्षी परवडत नाही, हे अर्थशास्त्र समजण्यासारखे नाही. वृद्धांसाठी तीच मर्यादा लावावी. रक्कम घोषणेच्या लहरीवर न सोडता कर्मचाऱ्यांच्या भत्त्याप्रमाणे महागाईशी जोडावी. साठ ते एकोणऐंशी वयाच्या वृद्धासाठी केंद्र जो दरमहा 200 रुपयांचा वाटा देत आले, तो वाढवावा. वार्धक्यात साहाय्य मिळण्याची तरतूद राज्यघटनेच्या 41 व्या अनुच्छेदात आहेच.

आणि योजनेचे नावही बदलावे. राजाने श्रावणाचे सोंग घेण्याचे कारण नाही. त्याने राजाचे काम केले तरी पुरे.